पाहुणे संपले की काय करायचं?

नेतृत्वावरची मुलाखत-मालिका सुरू करायला फारसं काही लागत नाही. एक उद्योजक, एक निवृत्त सनदी अधिकारी, एक गिर्यारोहक, एक समाजसेवक अशी दहा-बारा नावं कुणाच्याही वहीत निघतात. दोन माइक, एक बरी खोली आणि थोडा उत्साह असला की पहिलं वर्ष निघून जातं. खरी पंचाईत शंभरीच्या आसपास होते. पाहुणे बदलत राहतात, पण उत्तरं तीच ऐकू येऊ लागतात. अपयशानं मला घडवलं, टीम महत्त्वाची, आईवडिलांचे संस्कार, आणि शेवटी तरुणांना संदेश. मग मुलाखतकार शेवटच्या पाच मिनिटांत 'रॅपिड फायर' घालतो. चहा की कॉफी, डोंगर की समुद्र! ही मालिका थकल्याची पक्की खूण आहे.

अशा वेळी मुलाखतकार म्हणतो की चांगले पाहुणेच मिळत नाहीत. हे निदान मला पटत नाही. आटलेली असते ती त्याची नेता या माणसाबद्दलची कल्पना. त्याच्या लेखी नेता म्हणजे एकटा, नाव असलेला, बोलका आणि शक्यतो यशस्वी माणूस. या साच्यात बसणारे लोक कुठल्याही समाजात मोजकेच निघणार.

साचा मोडायचा तर पुण्या-मुंबईच्या स्टुडिओपेक्षा एटापल्लीला जाऊन बसणं जास्त उपयोगाचं. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच्या दक्षिण भागात, आलापल्लीहून जंगलातून तीसेक किलोमीटर आत गेलं की हे तालुक्याचं गाव लागतं. तालुक्यात माडिया आणि गोंडी बोलली जाते, बाजारात मराठीबरोबर तेलुगू आणि हिंदीही कानावर पडते. इथं 'तुमचा नेता कोण' असं विचारलं तर सरपंच, गावपाटील, गावची पूजा करणारा भूमिया, ग्रामसभेचा अध्यक्ष, बचत गटाची बाई, यांपैकी कुणाकडेही बोट जाईल. कशासाठी विचारता यावर ते अवलंबून असतं. पूजेचा दिवस ठरवणारा एक, वनखात्याच्या कचेरीत जाऊन बोलणारा दुसरा, हिशेबाची वही सांभाळणारी तिसरी. नेतृत्व इथं कामागणिक हात बदलतं. म्हणून एका खुर्चीसाठी आखलेली मुलाखत इथं पहिल्याच प्रश्नाला अडखळते.

तसं पाहिलं तर उरलेल्या महाराष्ट्राला गडचिरोलीची ओळख बरीचशी मुलाखतींतूनच झाली आहे. १९७३ साली हेमलकशात सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प आणि १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केलेली 'सर्च' ही संस्था. या दोन ठिकाणच्या माणसांच्या मुलाखती वृत्तपत्रांनी, वाहिन्यांनी, दिवाळी अंकांनी आणि आता पॉडकास्टवाल्यांनी इतक्या घेतल्या आहेत की नव्या मुलाखतकाराने जुने प्रश्न विचारण्यात काही अर्थ उरलेला नाही. त्यांना बोलवू नका, असं मी म्हणत नाही. पण त्यांच्याच कामातली दुसरी माणसं अजून माइकपासून लांब आहेत.

'सर्च'चंच उदाहरण घ्या. गावातल्या बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घ्यायची, या पद्धतीचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलं होतं. हा आकडा बहुतेक मुलाखतींत येतो. त्याआधी बालकांच्या न्यूमोनियावर काम करताना तिथं एक साधन तयार झालं होतं, ते मात्र क्वचितच ऐकायला मिळतं. मोठे आकडे मोजण्याची सवय नसलेल्या सुईणींना बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून एका चौकटीत मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी बसवले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया. आता ही सुईण तुमच्या मालिकेत आली असं धरा. तिला 'नेतृत्व म्हणजे काय' हे विचारू नका. लाल मणी सरकला तेव्हा घरात कोण कोण होतं, सासूने औषध देऊ दिलं का, तिने कुणाचं ऐकलं आणि कुणाचं ऐकलं नाही, हे विचारा. कुठल्याही व्यवस्थापन-गुरूपेक्षा जास्त ऐवज त्या अर्ध्या तासात निघेल.

दीर्घकाळ टिकलेल्या संवादाचा या जिल्ह्यातला सर्वांत चांगला नमुना मात्र एटापल्लीत नाही. तो उत्तरेला, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या छोट्या गावात आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा याच गावची. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणारं आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार ग्रामसभेच्या हातात घेणारं गाव म्हणून ते देशभर माहीत आहे. या सगळ्याच्या मुळाशी एक गप्पांचा अड्डा आहे. गावकरी त्याला अभ्यास गट म्हणतात. गावचे देवाजी तोफा आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने हा गट वर्षानुवर्षं बसत आला. बाहेरचा जाणकार आला की गावकरी त्याला प्रश्न विचारतात, कायदा समजून घेतात, एकमेकांशी वाद घालतात.

मला त्यातला एक नियम फार महत्त्वाचा वाटतो. अभ्यास गटात निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत होतो, तोही सर्वसहमतीने. एखाद्याचं मन तयार नसेल तर विषय पुढच्या बैठकीला जातो. त्यामुळे अभ्यास गटात बोलताना कुणाला जिंकायचं नसतं. शंका काढली म्हणून काम अडत नाही आणि मत बदललं म्हणून नाक कापलं जात नाही. आपल्या मुलाखतींत नेमकं उलट असतं. पाहुणा आपली बाजू मांडायला आलेला असतो, पुस्तक विकायला किंवा संस्थेची प्रतिमा जपायला. समोरचा त्याला मदत करतो. असा संवाद दहा वर्षं चालला तरी कुठेही पोचत नाही. मिलिंद बोकील यांनी मेंढ्यावर 'गोष्ट मेंढा गावाची' हे पुस्तक लिहिलं आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगाववर 'कहाणी पाचगावची'. दोन्ही नावांत माणूस नाही, गाव आहे. मालिका चालवणाऱ्याने एवढं लक्षात घेतलं तरी पुष्कळ झालं.

माझी सूचना अशी, की शंभर भाग झाल्यावर माणसांची यादी बाजूला ठेवावी आणि निर्णयांची यादी करावी. एका भागाला एक निर्णय. तो घेताना जे हजर होते त्यांतले दोन-तीन जण बोलतील. ज्याला तो पटला नव्हता असा एक तरी त्यात हवाच.

एटापल्ली तालुक्यात अशा निर्णयांना तोटा नाही. तेंदूपत्त्याचंच बघा. पेसा (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायद्यामुळे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आता तेंदूची विक्री स्वतः करतात. मे महिन्यात पहाटे जंगलात जायचं, पानं आणायची, घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून द्यायचे. मजुरी वेगळी आणि ग्रामसभेला मिळणारी रॉयल्टी वेगळी. ही रॉयल्टी ठेकेदाराने थकवल्याच्या तक्रारी इथं नव्या नाहीत. आता या विषयावर नेहमीच्या पठडीतला मुलाखतकार अध्यक्षाला विचारेल, 'एवढी मोठी जबाबदारी तुम्ही कशी पेललीत?' अध्यक्ष म्हणेल, 'सगळ्यांच्या सहकार्यानं.' भाग तिथंच संपला.

त्याऐवजी असं विचारून पाहा. दर ठरवायला बसलात तेव्हा ठेकेदार किती जण आले होते? सगळ्यात जास्त बोली लावणाऱ्यालाच दिलंत का? नसेल तर का नाही? आगाऊ रक्कम मागायची हे कुणाला सुचलं? बँकेच्या पासबुकावर सह्या कुणाच्या? पैसे आले नाहीत हे आधी कुणाच्या लक्षात आलं, अध्यक्षाच्या की पुडे बांधणाऱ्या बायकांच्या? त्या दिवशी सभेत गप्प कोण बसलं होतं? या प्रश्नांना 'सहकार्य' हे उत्तर चालत नाही. माणसाला आठवावं लागतं, आणि आठवताना तो खरं बोलू लागतो. शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी या रेडिओ केंद्रावर स्टड्स टर्कल यांनी पंचेचाळीस वर्षं कार्यक्रम केला. १९७४ साली आलेल्या त्यांच्या 'वर्किंग' या पुस्तकात कामगार, वेटर, कारकून आपापल्या कामाबद्दल बोलतात. टर्कल माणसाला मत विचारण्याआधी काम विचारत.

इथं भाषेचा प्रश्न येतो, आणि तो सोपा नाही. एटापल्लीच्या आतल्या गावांत वडीलधारा माणूस माडियात मोकळा होतो, मराठीत आखडतो. दुभाषी म्हणून बहुधा गावातला शिकलेला पोरगा किंवा शिक्षक मदतीला येतो. म्हातारा तीन मिनिटं हातवारे करून काहीतरी सांगतो, मध्येच हसतो, आजूबाजूचे हसतात. दुभाषी म्हणतो, 'ते म्हणतात, तेव्हा लई त्रास झाला.' संपलं! तीन मिनिटांचे चार शब्द झाले आणि मुलाखतकार पुढच्या प्रश्नाला लागला.

यावर उपाय आहे, पण त्याला वेळ आणि थोडा पैसा लागतो. मुलाखत पूर्ण माडियात होऊ द्यावी. दुभाष्याने तिथल्या तिथे फक्त सार सांगावं, म्हणजे पुढचा प्रश्न विचारता येईल. नंतर दुसऱ्याच माडिया जाणकाराकडून शब्दन् शब्द उतरवून घ्यावा. तिथं विचारायचे राहून गेलेले प्रश्न घेऊन पुन्हा जावं. प्रसारित करताना आधी वीस-तीस सेकंद मूळ आवाज ऐकू द्यावा, मग मराठी आवाज यावा. मूळ माडिया मुलाखत वेगळा भाग म्हणून सोडावी. तिला पुण्यात श्रोते मिळणार नाहीत, पण एटापल्ली-भामरागडात मिळतील. ज्यांच्याबद्दल बोललं गेलं त्यांना ते ऐकता आलं पाहिजे, एवढी साधी गोष्ट मराठी पॉडकास्टमध्ये अजून रुजलेली नाही.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये हे झालं आहे. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये 'सीजीनेट स्वरा' सुरू केलं. गावकऱ्याने एका क्रमांकावर फोन करायचा, आपली गोष्ट गोंडीत किंवा हिंदीत बोलून ठेवायची, संपादकांनी तपासायची आणि बाकीच्यांनी फोनवरच ऐकायची. इंटरनेट नसलेल्या गावांसाठी त्यांनी 'बुल्टू रेडिओ' काढला. बुल्टू म्हणजे ब्लूटूथ. बाजाराच्या दिवशी एका मोबाइलमधून दुसऱ्यात कार्यक्रम जातो आणि गावात पसरतो. पॉडकास्टवाल्याने यातून एक हिशेब शिकावा. १२८ किलोबिट दराने साठवलेला तासाभराचा भाग साधारण ५८ एमबीचा होतो. तोच एका वाहिनीचा, म्हणजे मोनो, आणि ४८ किलोबिटचा केला तर २२ एमबीच्या आत बसतो. बोलण्याच्या कार्यक्रमात कानाला फारसा फरक कळत नाही. नेटवर्क कधीतरीच येणाऱ्या गावात मात्र भाग पोचतो की नाही ते यावरच ठरतं. चकचकीत चित्रीकरणापेक्षा ही हलकी फाइल जास्त लोकांपर्यंत जाईल.

मालिका टिकवायची तर वेळापत्रकही इथल्या ऋतूंकडून घ्यावं. 'दर सोमवारी नवा भाग' ही शपथ बहुतेकांना दोन वर्षांत दमवते. एटापल्लीत ती पाळताच येणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये लोक पहाटेपासून मोहफुलं वेचत असतात, मे महिन्यात तेंदू, पाऊस लागला की धानाची रोवणी, दिवाळीच्या पुढेमागे कापणी. पावसाळ्यात पुलांवरून पाणी जातं. शेजारच्या भामरागडच्या पर्लकोटा नदीने तर वर्षानुवर्षं तालुक्याचा संपर्क तोडला आहे. पत्र्याच्या छपरावर पाऊस पडू लागला की ध्वनिमुद्रण विसरा. उरतात ते मुख्यतः जानेवारी-फेब्रुवारी. त्या दोन महिन्यांत दहा-बारा निर्णयांवर फिरून मुद्रण करायचं, पावसाळ्यात बसून संकलन करायचं आणि पोळ्याच्या सुमारास हंगाम प्रसारित करायचा. वर्षाला बावन्नऐवजी दहा भाग. श्रोते तुटतील ही भीती आहे, पण कंटाळवाण्या बावन्न भागांनी ते तसेही तुटतातच.

हंगामाला एक सूत्र असलं तर आणखी बरं. मराठीत याचं चांगलं उदाहरण 'वेध'चं आहे. ठाण्याच्या आयपीएच संस्थेचा हा उपक्रम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. डॉ. आनंद नाडकर्णी मंचावर पाहुण्यांशी बोलतात, प्रत्येक वर्षाला एक सूत्र असतं आणि पाहुणे त्या सूत्राला धरून निवडलेले असतात. नावाजलेला माणूस आणि कुणी न ऐकलेला माणूस एकाच सूत्रात ओवले जातात, त्यामुळे प्रेक्षक अनोळखी नावासाठीही बसून राहतो. चौकट पक्की ठेवण्याचा फायदा बीबीसीच्या 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' या रेडिओ कार्यक्रमालाही झाला. १९४२ पासून तोच खेळ: निर्जन बेटावर जाताना आठ ध्वनिमुद्रिका नेता येतील; पुढे त्यांत एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू यांची भर पडली. पहिले निवेदक रॉय प्लॉमली गेले, पुढे निवेदक बदलत गेले, चौकट राहिली. एटापल्लीच्या हंगामाची चौकट म्हणून एकच प्रश्न पुरेल आणि तो प्रत्येक भागात यावा: 'या निर्णयाने नुकसान कुणाचं झालं?'

हा प्रश्न इथं टाळता येत नाही. सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे आणि त्याच डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. खाणीत नोकरी लागलेला तरुण आहे आणि खाणीला विरोध करणारी ग्रामसभाही आहे. २०२३ मध्ये याच तालुक्यात तोडगट्टा इथं लोक खाणींच्या विरोधात कित्येक महिने ठिय्या देऊन बसले होते. नेतृत्वावरची मालिका यातल्या एकालाच बोलावून 'विकासाची दृष्टी' किंवा 'संघर्षाची प्रेरणा' या नावाखाली भाग करणार असेल, तर तो न केलेला बरा. आणि पैसा कुठून येतो हेही पाहावं लागेल. खाण तालुक्यात खाणवाल्याची जाहिरात घेऊन नेतृत्वाच्या गप्पा मारता येत नाहीत. आंदोलनाच्या खर्चाने फिरूनही येत नाहीत. श्रोत्यांची वर्गणी, एखादा वाचनालयाचा निधी, स्वतःची पदरमोड, हे मार्ग धीमे आहेत, पण त्यांत प्रश्न विचारण्याची मुभा राहते.

याहून गंभीर गोष्ट जिवाची आहे. गेल्या चार दशकांत या जंगलात सरपंच, पोलीस पाटील आणि साधे गावकरी खबरी ठरवून मारले गेले. नक्षल्यांना मदत केल्याच्या संशयावरून तुरुंगात गेलेलेही आहेत. इथल्या माणसाचा आवाज इंटरनेटवर टाकणं ही शहरातल्या स्टार्टअपवाल्याच्या मुलाखतीसारखी गोष्ट नाही. प्रसारणाआधी संकलित भाग त्याला त्याच्या भाषेत ऐकवावा. गावाचं नाव काढायचं असेल तर काढावं. सहा महिन्यांनी तो म्हणाला की हे नको, तर कारण न विचारता भाग उतरवावा. सही घेतलेला संमतीचा कागद वकिलाला पुरतो. त्या माणसाच्या घरच्यांना तो पुरत नाही.

जुन्या मालिकेकडे नव्या मालिकेपेक्षा एक गोष्ट जास्त असते, ती म्हणजे काळ. ब्रिटनमध्ये १९६४ साली सात वर्षांच्या १४ मुलांवर 'सेव्हन अप' हा दूरचित्रवाणी कार्यक्रम झाला. मग दर सात वर्षांनी त्याच मुलांकडे कॅमेरा जात राहिला आणि २०१९ मध्ये त्यांतली बहुतेक ६३ वर्षांची झालेली दिसली. नेतृत्वाच्या मालिकेत हे आणखी गरजेचं आहे, कारण निर्णयाचं फळ मुलाखतीच्या दिवशी कळत नसतं. पाच वर्षांपूर्वी बांबू विकून आलेल्या पैशातून काय करणार हे सांगणाऱ्या ग्रामसभेकडे पुन्हा जा, जुना भाग त्यांना ऐकवा आणि माइक चालू ठेवा. ज्यांना तेव्हा पटलं नव्हतं त्यांनाही बसवा. मोहन हिराबाई हिरालाल जानेवारी २०२५ मध्ये गेले. त्यांच्या पिढीतल्या अनेकांचं तासन् तासांचं बोलणं कॅसेटींवर आणि जुन्या हार्ड डिस्कवर पडून आहे, बहुतेकांवर तारीख नाही, गाव नाही, बोलणाऱ्यांची नावं नाहीत.

तेव्हा नव्या हंगामाच्या तयारीला लागण्याआधी तुमच्या जुन्या भागांची मूळ, न कापलेली मुद्रणं शोधा. प्रत्येकावर तारीख, गाव, भाषा आणि हजर असलेल्यांची नावं लिहा, दोन प्रती काढा आणि त्यांतली एक तुमच्या घराबाहेर ठेवा. नावं उघड करणं धोक्याचं असेल तिथं ती वेगळ्या वहीत ठेवा. मग त्या जुन्या पाहुण्यांपैकी तिघांना फोन करा आणि तेव्हा घेतलेल्या निर्णयाचं पुढे काय झालं ते विचारा.